अंजनाची तलंग

पंचमीला अंजनाला आणायला माणूस धाडायचं हरिबानं ठरवलं होतं, पण माणूस निघायच्या आधीच पोरगी आपणहून दारात उभी राहिली. आष्ट्याला एस.टी.तनं उतरून मळ्यापर्यंत चालत आली होती. डोक्यावर बोचकं, काखेत डालगं, आणि डालग्यात एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी.

"आबा, ही तुमास्नी," म्हणून तिनं डालगं हरिबापुढं ठेवलं आणि घोंगड्याच्या टोकावर फतकल मारून बसली.

माहेराला येताना पोरी शेंगा आणतात, हुलगं आणतात. आटपाडीच्या पलीकडच्या माळावरच्या खडकवस्तीत दिलेली ही पोर, तिथं लागोपाठची दुष्काळी वर्षं सोसून नुकता कुठं पाऊस झालेला. ती काही आणील अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. हरिबानं डालग्यात हात घातला, तलंग पायाला धरून बाहेर काढली आणि उजेडात धरून न्याहाळायला लागला.

हरिबाला कोंबड्यांचा नाद जुना. तरणा असताना त्यानं झुंजीचे अशील कोंबडे पाळले होते. आष्ट्याच्या बाजारात एखादा कोंबडा घ्यायचा झाला तर लोक अजून त्याला बरोबर न्यायचे. तो चोच बघायचा, तुरा चाचपायचा, नडगीवरनं बोट फिरवायचा आणि सांगायचा, आई कशाची, बाप कशाचा. पण अलीकडं हे काम अवघड झालं होतं. सरकारनं गावोगाव पांढरे इंग्लिश कोंबडे वाटले होते, आणि त्यांनी सगळ्या उकिरड्यांवर आपली पैदास मिसळून टाकली होती. एका उकिरड्यावर दोन कोंबड्या एकसारख्या दिसतील तर शपथ.

ही तलंग तर सगळ्यांच्या वरताण होती. अंग राखी, त्यावर पांढरं-काळं ठिपकं. पाय उंच. तुरा बसका, जोंधळ्याचे चार दाणे चिकटवावेत तसा. मानेवर पिसं इतकी विरळ की खालची लाल कातडी दिसत होती. आणि कानाची पाळी मात्र पांढरीशुभ्र.

"ही गं कुठली?" हरिबा म्हणाला. "पाय तर अशीलाचं. पर पाळी सरकारी. आन ही मान कुणाची?"

"वळखा की." अंजना हसली. "सगळा मुलूख म्हणतोय हरिबाला कोंबडीतलं कळतंय."

"बाप सरकारी कोंबडा. आई अशील."

"चुकलं."

"मग आई बोडक्या मानंची गावठी."

"ते बी चुकलं."

"तूच सांग मग."

"आत्ता न्हाई. दिवाळीला आले की सांगीन. तवर करा इचार."

हरिबाला बरं वाटलं. लग्नाच्या आधी बापलेकीची अशीच जुंपायची. ती कोंबड्यांची पिसं लपवून आणायची आणि ह्यानं ती कुणाची ते सांगायचं. एकुलती एक लेक. जावई जोतीराम पलटणीत, घरी नुसती सासू सुलाबाई आणि माळरानाची कोरडवाहू जमीन. उसाच्या पट्ट्यातली पोर माळाला कशाला देतोस, असं तेव्हा भावकीनं विचारलं होतं. पोरगा शिपाई आहे, निर्व्यसनी आहे, म्हणून हरिबानं दिली.

पोर वाळली होती. रंग रापला होता, आणि पंचमीच्या बांगड्या भरताना तिचे हात इतके खरबरीत निघाले की कासाराची बाई हात आपल्या मुठीत घेऊन बघतच राहिली. हरिबानं ते पाहिलं.

"हाताला काय झालं गं?"

"दुस्काळ हुता आबा. समद्यांचंच हात असं झाल्याती." आणि लगेच तिनं विषय तलंगेवर नेला.

दुष्काळात हरिबानं दोनदा जोंधळ्याची पोती धाडली होती. त्याच्या मळ्यात नदीचं पाणी होतं. माळावर काय चाललं असेल ते ऐकून त्याला माहीत होतं, पण लेक कधी तक्रार करत नव्हती. सांगाव्यातनं 'बरं हाय' एवढंच यायचं, आणि त्यानं ते बरं आहे असंच धरलं होतं.

चार दिवस राहून, झोक्यावर बसून, रात्री आईच्या कुशीला निजून अंजना परत गेली. एस.टी. हलताना तिनं खिडकीतनं तोंड काढलं आणि ओरडून विचारलं, "सापडलं का आबा?" हरिबानं हातानंच न्हाई म्हणून सांगितलं. बसमधली माणसं हसली.

आश्विनात तिच्या गावाकडचा एक ट्रकवाला मळ्यावर आला. पाणी पिऊन झाल्यावरच त्यानं तोंड उघडलं. अंजनाला कावीळ झाली होती. झाडपाला दिला, उतरली असं वाटलं, आणि परवा एकाएकी गेली.

हरिबा आणि राहीबाई पोचली तेव्हा राख सुद्धा सावडून झाली होती. जोतीराम कुठं लांब सरहद्दीवर, त्याला तार गेली होती पण तो आला नव्हता. सुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. राहीबाईनं एकदा हंबरडा फोडला. कोण जेवलं, कोण कधी उठलं, हरिबाला त्यातलं काही आठवत नव्हतं. तेराव्यापर्यंत थांबून दोघं परत आली, आणि दारात शिरताना हरिबाला पहिल्यांदा दिसली ती उकिरड्यावर पायानं उकरणारी राखी तलंग.

दिवाळी कुणी केली नाही. त्याच सुमाराला तलंग अंड्यावर आली. अंडं निघालं पांढरंफेक.

"मंजी बाप सरकारीच," हरिबा शेजारच्या गुंडाला म्हणाला. गुंडा बैलांचा दलाल, सकाळी चहाला मळ्यावर यायचाच. "पांढऱ्या पाळीला पांढरं अंडं. त्यात वाद न्हाई. पर आईचा पत्ता लागंना."

"आई अशीलच रं हरिबा. चाल बघ तिची. फौजदारीण चालल्यागत चालतीया."

"पोर चुकलं म्हणाली हुती."

"थट्टेनं म्हणाली असंल गड्या."

"थट्टा करायची, पर खोटं न्हवती बोलत ती."

मग गुंडा उकिडवा बसून कोंबडीची बोटं मोजायचा, हरिबा तिचं पंख पसरून आतली लव बघायचा. धनगरांच्या वाड्यावर बोडक्या मानेच्या कोंबड्या असतात, तिथनं मान आली असावी. तुरा कानडी मुलखातनं आला असावा. एकदा तर गुंडानं, आई लांडोर असंल, असंही म्हणून पाहिलं. हरिबा हसला नाही. रोज काही नवं निघायचं, रोज ते मोडायचं.

राहीबाई ह्यात कधी पडली नाही. एक दिवस चुलीपुढनं ती कडाडली, "तिची जात काढून काय करनार हायसा आता? ठिवा तिला खाली!"

हरिबानं कोंबडी खाली ठेवली. काय करणार होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोर दिवाळीला सांगणार होती, आणि दिवाळी तिच्यावाचून गेली होती. तिचं लुगडं राहीबाईनं पेटीत घातलं, फोटो कधी काढलाच नव्हता. बापलेकीतलं एवढं एकच बोलणं अर्धं राहिलं होतं, आणि ते अर्धं राहिलेलं त्याला चैन पडू देत नव्हतं.

पौषात गुंडा खरसुंडीच्या जत्रेला बैल घेऊन गेला. परत आल्यावर चहाला येऊन बसला. दोनदा तंबाखू मळली, दोनदा टाकली.

"सुलाबाई भेटल्या हुत्या जत्रंत," तो शेवटी म्हणाला. "जोतीराम रजंवर येनार हाय. त्याचं पुन्यांदा लगीन ठरवायलीत. पर तुमी हू म्हटल्याबिगर बोलनी पुढं न्यायची न्हाईत, असं म्हणाल्या. तुला बोलवलंय."

राहीबाई आत निघून गेली. लेकीचं वर्षसुद्धा झालं नव्हतं. रात्रभर तो काय काय बोलायचं ते जुळवत राहिला, आणि सकाळी धोतर नेसून निघाला. इस्लामपूर, विटा, आटपाडी, तिथनं पुढं पायी. ऊस मागं पडला, विहिरी मागं पडल्या, आणि दोन्ही बाजूंना खुरटी बाजरीची धसकटं दिसायला लागली. माळावर एक नवा तलाव झाला होता. त्याच्या भराव्यावरनं रस्ता जात होता. खालच्या अंगाला खडीचे ढीग अजून तसेच पडले होते.

सुलाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. म्हातारी गेल्या तीन महिन्यांत कमरेत वाकली होती. हरिबा पाटावर बसला आणि जुळवलेलं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचं लक्ष अंगणाकडं गेलं.

अंगणात चार कोंबड्या हिंडत होत्या. एक लालभडक, पायावर पिसं असलेली. एक काळी, आखूड पायांची. एक पिवळसर, उलट्या पिसांची. आणि एक पांढरी, तिच्या डोक्यावर झुपका. एकीचा दुसरीशी मेळ नाही.

"इहीणबाई," तो म्हणाला, आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते त्याच्या तोंडून आलंच नाही. "अंजनानं आमाला तलंग दिली हुती. राखी. ती कशाची?"

सुलाबाईनं अंगणाकडं पाहिलं. "ती ह्यांचीच. एका घाण्यातली. एकाच खुडूक कोंबडीखाली उबवल्यात समद्या."

"एका कोंबडीची अंडी अशी निघत न्हाईत."

"एका कोंबडीची न्हवतीच ती." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "तिनं तुमाला कायबी सांगितलं न्हाई न्हवं?"

"काय सांगायचं?"

"त्यो तलाव बघितला न्हवं येताना? त्याच्यावर खडी फोडायला जायाची ती. हिवाळाभर. मी म्हटलं, माहेरी जा, तिथं पाणी हाय, ऊस हाय. तर म्हणायची, आत्ती, मी गेले तर तुमास्नी कोन हाय? माझ्यानं पाटी उचलंत न्हवती. दोघींचं काम ती एकलीच करायची. तवा पोटुशी हुती."

हरिबानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"जोतीराम दिवाळीत येऊन गेला हुता, तवाचं. मला बी तिनं लवकर सांगितलं न्हाई. फागुनात एका दुपारी ढिगावरच बसली. बायांनी आडोसा केला. धोंडुबाई धनगरीण हुती, तिनं समदं निस्तारलं. घरी उचलून आनली तिला. दुसऱ्या दिसापास्नं कामावरल्या बाया येकयेक यायला लागल्या. ओच्यात एक अंडं घिऊन. धोंडुबाईनं दिलं, मुकादमाच्या बायकूनं दिलं, मुजावराच्या घरनं आलं, शेतसनदी राखणदाराच्या म्हातारीनं दिलं. कुनाच्या घरात दाना न्हवता, बगा. कोंबड्या बी उपाशी. पर जिच्यापाशी एक निघालं तिनं ते आनून दिलं. खा म्हणाल्या, अंगात रगत यील."

"मग?"

"खाल्ली न्हाईत. मी उकडते म्हटलं तर मला हात लावू दिला न्हाई. म्हणाली, आत्ती, खाल्ली तर आज संपत्याली. आपली कोंबडी खुडूक झालीया, तिच्याखाली घालू. पाऊस पडला म्हंजी घरात कायतरी वाढतं असंल. भांडून भांडून एक खायाला लावलं मी. बाकीची उबवली. निम्मी वाया गेली, पाच पिलं निघाली. त्यातली एक म्हणाली आबांना देनार. आबांना कोंबडीचं लय कळतंय, म्हणाली, पर ही न्हाई वळखायची त्यास्नी."

"कुनाच्या अंड्यातली ती?"

"ते कुनाला ठावं, पावनं? समदी अंडी एका पाटीत ठेवल्याली. तिला बी ठावं न्हवतं."

हरिबा उठला, आणि गोठ्याच्या कुडाआड जाऊन उभा राहिला. दिवाळीला आली असती तर काय सांगणार होती? काहीतरी रचून सांगितलं असतं, हसली असती, आणि तोही हसला असता. तेराव्याला त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं नव्हतं. आता ते थांबेना. सुलाबाई त्याच्यामागं आली नाही. तिनं चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली.

जेवताना तीच बोलली. जोतीरामला बघितलेली पोरगी आईबापावाचूनची आहे, चुलत्यानं वाढवलेली. बनुबाई नाव. "मला आता हुत न्हाई. जोतीराम जाईल पलटणीला. घरात दिवा लावायला कोन पायजे. पर तुमी न्हाई म्हटलं तर न्हाई. अंजना ह्या घराची लक्ष्मी हुती. तिच्या बापाला दुखवून मला सून आनायची न्हाई."

"करा," हरिबा म्हणाला.

"आनिक एक मागणं हाय. त्या पोरीला माहेर न्हाई. पंचमीला तुमच्याकडं धाडली तर? अंजनाच्या जागी म्हणून. इहीणबाईंस्नी इचारून बघा."

परतीच्या वाटेवर हरिबानं ठरवलं, गर्भाचं राहीबाईला सांगायचं नाही. पोरगी गेली एवढं दुःख तिला पुरे होतं. आपण ऐकलं, आपल्यापाशी राहू दे. विट्याच्या स्टँडवर तो बसला होता तेव्हा त्यानं काय सांगायचं आणि काय नाही ते पक्कं केलं.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. राहीबाई वैरण टाकत होती. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"झालं ठरून?"

"झालं. करा म्हणून आलो."

"बरं केलं. त्या पोराचं तरी काय चुकलंय. आनि काय बोलली म्हातारी?"

"काय न्हाई. अंजनाचं लय चांगलं बोलत हुती."

राहीबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिशी उलटून गेलेला संसार होता, त्याचे डोळे तिला वाचता येत होते.

"पोटातलं गेलं ते सांगितलं व्हय?"

हरिबा गव्हाणीच्या कडेवर बसला. "तुला ठावं हुतं?"

"पंचमीच्या रातीला सांगितलं मला. शपथ घातली हुती, आबांना सांगू नगंस म्हणून. म्हणाली, आबा मला परत जाऊ द्यायचं न्हाईत, आन आत्ती मरून जातील." तिनं गव्हाणीला हात टेकला. "मी का जाऊ दिली वो? मला ठावं असून मी का जाऊ दिली?"

एवढे महिने ती हे पोटात घेऊन चुलीपुढं बसत होती. हरिबा गुंडाबरोबर अंगणात कोंबडीची पिसं मोजत होता आणि ही आत भाकऱ्या करत होती. तिच्यावर रागवावं असं त्याला क्षणभर वाटलं, पण राग आला नाही. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्यासाठीच दोघींनी लपवलं होतं, आणि तोही आता तेच करायला निघाला होता.

मग त्यानं अंड्यांचं सांगितलं. ते राहीबाईला माहीत नव्हतं. धोंडुबाईचं, मुकादमाच्या बायकोचं, म्हातारीचं, एकेक करून त्यानं सगळं सांगितलं, आणि पोरीनं ती खाल्ली नाहीत, उबवली, हेही. राहीबाई ऐकत ऐकत खाली बसली. तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले.

"खायाची हुती गं," ती म्हणाली. हरिबाशी नव्हे, अंजनाशी बोलत होती. "खायाची हुती गं बाय. आमाला कशाला गं आनून दिलीस? खायाची हुतीस."

हरिबा तिच्याजवळ सरकला. म्हशीनं वैरणीसाठी मान ताणली, दावं खणखणलं, तरी दोघंही उठली नाहीत. बऱ्याच वेळानं राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं. तेव्हा त्यानं बनुबाईचं सांगितलं, आईबापावाचूनची पोर आहे, पंचमीला धाडू का म्हणून सुलाबाईनं विचारलं आहे ते.

राहीबाई उठली. तिनं पेंढी सोडली, म्हशीपुढं टाकली, दावं सैल केलं. मग गोठ्याच्या दारात पाठमोरी उभी राहिली.

"यिऊ द्या," ती म्हणाली. "माहेर लागतंय बाईला. पर यंदा नगं. यंदा मला तिच्या हातात बांगड्या भरवायच्या न्हाईत. फुडल्या साली आना."

"बरं," हरिबा म्हणाला.